अक्का खुर्चीवर बसेना

चोपड्याहून भाच्याचा फोन आमच्या शेजाऱ्यांकडे आला. "मावशी, आई गेली," एवढं बोलून तो रडू लागला… महिना होत आला, तरी माझा अक्कावरचा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

माझी ही थोरली बहीण. कापसाच्या शेतात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, म्हणून धुळ्याला नेऊन सांधा बदलला. डॉक्टरांनी बजावलं होतं, जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही, गुडघ्यावर गुडघा येऊ द्यायचा नाही, निजतानाही मध्ये उशी हवी, नाहीतर सांध्याचा गोळा वाटीतून निसटेल. तो निसटलाच. एकदा चप्पल उचलताना, एकदा संडासात. दर वेळी जीपमध्ये विव्हळत जळगाव गाठायचं, भूल देऊन सांधा बसवायचा आणि आठवडेच्या आठवडे पडून राहायचं. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "आता निसटला तर मोठं ऑपरेशन लागेल, आणि ते यांच्या हृदयाला झेपणार नाही."

अशात दाजी, म्हणजे अक्काचे यजमान गेले. भेटायला आलेल्या बायका सतरंजीवर बसल्या. अक्कासाठी मी उंच खुर्ची मांडली, तर ती माझ्यावरच उखडली, "बठ्ठ्या खाले बठेल शेतस, अन् मी एकलीच खुर्चीवर? मना मालक गया वं!" मी दंड धरला, तो झिडकारून ती खाली बसलीच. हट्ट तर आमच्या माहेरचाच! बसली आणि तिने किंकाळी फोडली. बायकांना वाटलं, आता कुठे दुःख फुटलं. दोघीतिघींनी तिला उराशी धरलं, गदागदा हलवत त्याही रडल्या. "रडू द्या, मोकळी होऊ द्या…" मलाही तेच वाटलं. मग लुगड्याखालचं पाऊल दिसलं. आत वळलेलं, पाय आखूड झालेला. अरे देवा!

मोठं ऑपरेशन करता येत नव्हतं, म्हणून जळगावला सांधा पुन्हा नुसताच बसवला, पण टिकेना. कूस बदलली की निसटायचा. पुन्हा दवाखान्यात न्यायचं म्हटलं की "आते नको लई जाऊ वं माय," म्हणायची. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, आणि त्यांनीच तिला नेलं.

फोननंतर मी चोपड्याला पोचले तेव्हा बायका तिला आंघोळीसाठी खाटेवरून खाली घेत होत्या. तिचा एक गुडघा दुसऱ्यावर आला आणि मी दारातूनच ओरडले, "अगं, पाय सांभाळा तिचे! मध्ये उशी द्या!"

सगळ्या थबकल्या. एकीने खाटेवरची उशी ओढून अक्काच्या गुडघ्यांमध्ये ठेवली, आणि मगच तिला जमिनीवर टेकवलं.