साखरपुड्यात अडकलेला जबडा

करंजाड्याला पुतणीच्या साखरपुड्यात मी खळखळून हसले आणि जबडा उघडाच अडकला. बोलता येईना, लाळ गळू लागली. व्याह्यांना वाटलं मी अजून हसतेच आहे, म्हणून तेही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी माझ्या तोंडावर पदर धरला आणि रिक्षाने दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा दाबत मागे सरकवला, तसा तो बसला.

"ऑपरेशन करावं लागेल?" मी विचारलं.

"पहिल्यांदाच निखळलाय, आत्ता नाही. अशा बहुतेक पेशंटना काळजी आणि व्यायाम पुरतो, असं अभ्यासात दिसलंय."

जबडा बरा झाला. तरी लग्नात मी मागच्या रांगेतच बसले. सासूबाईंनी हाक मारूनही व्याह्यांसमोर जाववलं नाही.