अंतराळातली दुखणी आणि वॉटफर्डच्या चौकशा

ज्या घरात सगळं सांगून टाकतात त्या घरात किस्से टिकत नाहीत. सकाळी घडलेलं दुपारी फोनवर जातं आणि संध्याकाळपर्यंत शिळं होतं. आमच्या घरात काही सांगायचंच नाही असा नियम. त्यामुळे इतके साठलेत की आता ठेवायला जागा नाही.

माझी सून शुभदा अंतराळवीरांची डॉक्टर आहे. रॉकेटमधून वर जाऊन राहणारी जी माणसं, त्यांच्या तब्येती बघणाऱ्या डॉक्टरांपैकी एक. महिन्यातले दहा-बारा दिवस ती जर्मनीत असते, तिथे त्यांचं ऑफिस आहे. बाकी लंडनला हॉस्पिटलात. मुलगा सुहास स्लाऊला कॉम्प्युटरच्या कंपनीत. नात रिया तेरा वर्षांची. आणि मी, इंदू. घर लंडनजवळ वॉटफर्डला.

आधीच सांगते, खाली कुठल्याही अंतराळवीराचं नाव नाही आणि आजारही नाही. त्यासाठी बसला असाल तर चहा घ्या आणि उठा.

*

शुभदा घरी असताना जर्मनीहून फोन आला की ती तो घरात घेत नाही. बागेत लाकडी शेड आहे, गवत कापायचं मशीन ठेवायची. तिथे जाते. अंगात कोट, गळ्यात मफलर, हातात वही, आणि कडी आतून.

पहिल्या हिवाळ्यात मी म्हटलं, "अगं, घरात आहे कोण? मला इंग्लिश कळत नाही. सुहासपुढे टीव्ही असला की त्याला काही ऐकू येत नाही."

"आई, त्या माणसाला आम्ही शब्द दिलाय की हे फक्त डॉक्टरांत राहील. तुम्ही, सुहास आणि टीव्ही, तिघंही डॉक्टर नाहीत."

शेजारची मार्गारेट हे खिडकीतून महिनाभर बघत होती. एका दुपारी केक घेऊन आली, बसली, हवापाण्याचं बोलली आणि मग रियाला काहीतरी हळूच म्हणाली. रियाने मला तिच्या मराठीत सांगितलं, "आजी, मार्गारेट विचारतो, तू मम्मीला शेडमध्ये का ठेवतो?"

"सांग तिला, ती तिथे कामाला जाते."

मार्गारेटने शेडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. केकचा दुसरा तुकडा काही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने शेडसाठी हीटर आणून दिला. अजून तिथेच आहे. शुभदाचं ऑफिस म्हणजे आता वॉटफर्डमधली सगळ्यात ऊबदार शेड.

*

आमचं एक गुरुवारचं मंडळ आहे. दहा-बारा मराठी बायका, चर्चचा हॉल, दुपारी दोन ते चार. अर्धा तास भजन आणि दीड तास तब्येती. कोणाची शुगर किती, कोणाच्या मिस्टरांचं प्रोस्टेट, कोणाच्या सुनेला कितवा महिना, सगळं सगळ्यांना पाठ. आपल्यात दुखणं विचारणं म्हणजे माया. न विचारणारी ती शिष्ट.

मंडळाची मुख्य म्हणजे कुसुम. पोस्टात होती. रिटायर झाली, पण पत्रं वाटायची सवय गेली नाही.

एकदा शुभदाला मंडळात बोलावलं. तिने छापून आलेलंच सांगितलं. वर गेल्यावर पहिले काही दिवस मळमळतं, तोंड सुजतं, पाय बारीक होतात. पाठीचा कणा लांबतो, म्हणून उंची वाढते आणि कंबर धरते. हाडं झिजू नयेत म्हणून रोज व्यायाम करावा लागतो.

ती प्रश्न विचारा म्हणाली. प्रश्न कोणीच विचारला नाही. सगळ्या उपाय सांगायला लागल्या.

"कंबरेला तिळाचं तेल चोळावं."

"तिथे तेल तरंगतं, मावशी."

"मग डिंकाचे लाडू दे."

"सुंठ दे."

मळमळीवर कुसुमने आवळा सुपारी केली, आइस्क्रीमचा अख्खा डबा भरून. शुभदा नाही कशी म्हणणार? जर्मनीला घेऊन गेली. पुढच्या महिन्यात डबा परत आला, रिकामा आणि धुतलेला.

कुसुमने डबा उघडून वास घेतला. "कोणी खाल्ली?"

"ते सांगता येणार नाही, मावशी."

"बरं वाटलं का खाऊन?"

"तेही सांगता येणार नाही."

कुसुमचा चेहरा खुलला. "म्हणजे वाटलं." पुढचे तीन गुरुवार हॉलमध्ये अंतराळवीरांची मळमळ कुसुमनेच थांबवली होती.

शुभदाचं ते वाक्य मात्र आमच्या घरात कायमचं राहायला आलं. रियाला गणितात किती पडले विचारलं तर ती सुद्धा म्हणते, "ते सांगता येणार नाही, आजी. पेशंट कॉन्फिडेन्शियालिटी."

*

आता एक माझं दुखणं सांगते. ते माझंच आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. तेही अर्धंच सांगेन.

मला काहीतरी होत होतं. डॉक्टरकडे सोबत कोण? सुहास-शुभदा कामाला, म्हणून सुट्टीतली रिया. मी मराठीत सांगायचं, तिने डॉक्टरला इंग्लिशमध्ये. डॉक्टर भला माणूस, त्याने विचारलं काय होतंय. मी रियाकडे पाहिलं. अकरा वर्षांची पोर, केसांना दोन चिमटे. ते तिच्या तोंडून वदवायचं?

"सांग, गुडघा दुखतो," मी म्हटलं.

गुडघ्याच्या गोळ्या मिळाल्या. पुढच्या खेपेला मलम, त्याच्या पुढच्या खेपेला एक्स-रे. मग व्यायाम शिकवणारी बाई. त्या वर्षात माझा गुडघा इतका उत्तम झाला की बसच्या वरच्या मजल्यावर न थांबता चढायला लागले. दुखणं होतं तिथेच होतं. ते गुडघ्याच्या बरंच वर होतं, एवढं पुरे.

एका रविवारी मी खुर्चीतून उठत होते, तेव्हा शुभदाने नुसतं पाहिलं. काय होतंय हे विचारलं नाही. म्हणाली, "आई, डॉक्टरकडे फोनवर मराठी बोलणारी बाई मिळते. ती तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही तिला ओळखत नाही. लेडी डॉक्टर मागून घेऊ. मी बाहेर बसेन."

आणि खरंच बाहेर बसली. डॉक्टर असून, सून असून, बाहेर मासिक चाळत बसली. आत दहा मिनिटांत सगळं सांगून झालं. छोटं ऑपरेशन झालं. बरी झाले.

सुहास तिला विचारत होता, आईचं ऑपरेशन कसलं? ती म्हणाली, "आईंना विचार." त्याने मला विचारलं.

"गुडघा," मी म्हटलं.

हॉस्पिटलातून गाडीने घरी येताना शुभदा म्हणाली होती, "आमची माणसंही अशीच करतात. डोकं फुटायची वेळ आली तरी मस्त आहे म्हणतात. वाटतं, नाव पेपरात येईल, पुढच्या वेळी नेणार नाहीत. बाहेर जाणार नाही अशी खात्री पटली की मगच खरं बोलतात."

"म्हणजे त्यांनाही गुडघे आहेत," मी म्हटलं.

तिला गाडी बाजूला घ्यावी लागली, इतकी हसली.

*

शुभदाची वही घरात कोणाला दिसत नाही. सुहास आला की ती मिटते, रिया आली की तिच्यावर हात ठेवते. फक्त मी चहा घेऊन गेले की वही तशीच उघडी असायची, कारण मला अक्षर येत नव्हतं. आमच्या गावची शाळा ओढ्यापलीकडे होती आणि मी ओढ्याच्या अलीकडे, पाच भावंडांपाशी. शुभदा म्हणायची, "आईंसमोर मी मोकळी बसते." मला बरं वाटायचं आणि कुठेतरी लागायचंही.

इथे रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. रियाला बसने मीच न्यायचे, आणि मागच्या बाकावर बसून राहायचे. बाईंनी एक दिवस मलाही पाटी दिली, हात रिकामे नकोत म्हणून. दोन वर्षांत रिया काना-मात्रेवर अडली आणि मी जोडाक्षरांवर पोचले. इंग्लिश अक्षरं तिच्या लहानपणीच्या फ्रिजवरच्या चुंबकांवरून घेतली, पुढे बसच्या पाट्यांवरून आणि कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरून.

घरी सांगितलं नाही. नीट, न अडखळता येईल तेव्हा एकदम सांगायचं ठरवलं होतं. रियाला ठाऊक होतं. ती म्हणाली, "मी कोणाला नाही सांगणार, आजी. तुझा गुपित माझ्याकडे सेफ आहे."

*

मग ती बातमी आली. वर गेलेल्या सात जणांपैकी एकाला बरं नाही, यानाबाहेर पडून करायचं काम एक दिवस पुढे ढकललं. कोणाला काय झालंय, सांगितलं नाही.

शुभदा त्या आठवड्यात घरीच होती. सकाळपासून शेडमध्ये पाच फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीनंतर आत आली, वही जेवणाच्या टेबलावर उघडीच ठेवली आणि फोनचा चार्जर आणायला वर पळाली. मी तिचा चहा घेऊन टेबलापाशी गेले.

अक्षरं शिकवताना बाईंनी सांगितलं नव्हतं की एकदा ती आली की डोळ्यांना थांबवता येत नाही. मोठ्या अक्षरांत एक नाव होतं, खाली एक शब्द. मी चटकन हातातली बशी त्यावर ठेवली. बशी ठेवायच्या आधीच वाचून झालं होतं.

हे बाहेर गेलं असतं तर बोट शुभदाकडे वळलं असतं. नोकरी जाणार, हे तर झालंच. पण वरचं ते माणूस पुन्हा कुठल्या डॉक्टरशी खरं बोललं नसतं. जन्मभर गुडघा सांगत बसलं असतं.

*

दुसरा दिवस गुरुवार. न जाणं म्हणजे काहीतरी आहे हे ओरडून सांगणं. गेले.

कुसुमने भजन तीन मिनिटांत आटोपलं. तिच्या शेजारी तिचा पुतण्या बसला होता, वर्तमानपत्रात काम करणारा, चांगला बाप्या माणूस, टाय घालून. मला बर्फीचा बॉक्स दिला, पायाही पडला.

"आजी, तुम्ही काही बोलू नका. सुनेशी बेइमानी नको. मी एकेक नाव घेतो, तुम्ही फक्त मान हलवा."

"हलवते," मी म्हटलं.

त्याने पहिलं नाव घेतलं. मी मान हलवली. त्याने वहीत लिहिलं. दुसरं नाव घेतलं. मी मान हलवली. तिसरं, चौथं. पाचव्याला त्याचं पेन थांबलं. सातव्यालाही मी मान हलवली.

"आजी, सातही जण आजारी?"

"नाही रे. माझी मान आहे ती. वयाने हलते."

बायका हसल्या. त्याने बर्फीच्या बॉक्सकडे पाहिलं, पण मी तो उघडून फिरवलेला होता.

कुसुमला मात्र हसू आलं नाही. तिने पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जाऊ दे रे. तिला बिचारीला काय माहीत असणार? कागद नाकासमोर ठेवला तरी तिला वाचता थोडाच येतोय. हो की नाही, इंदू?"

या एका वाक्याला उत्तर द्यायचं म्हणून मी दोन वर्षं पाटी घासली होती. उत्तर जिभेवर होतं. हॉलच्या दारावरची पाटी तिथून दिसत होती, तीच वाचून दाखवली असती. अख्खं मंडळ माझ्याकडे बघत होतं. पुतण्याही बघत होता, आणि त्याचं पेन अजून उघडंच होतं.

"नाही येत गं," मी म्हटलं. "कुठून येणार?"

आणि बर्फी खाल्ली. चांगली होती.

*

त्याच संध्याकाळी, शुभदा शेडमध्ये असताना, मी रियाची पेन्सिल घेतली आणि एका कागदावर दोन ओळी लिहिल्या. लिहायला वीस मिनिटं लागली. कागद टेबलावर तिच्या कपाखाली ठेवला आणि चहा ओतला.

ती आली, बसली, कप उचलला. कागद वाचला. मग परत वाचला.

मला वाचता येतं. यापुढे वही माझ्यासमोरही झाकत जा.

"आई, हे कोणी लिहिलं?"

"मी."

"कधीपासून येतं तुम्हाला?"

"दोन वर्षं शिकतेय. जोडाक्षरं अजून कच्ची आहेत."

तिने कप खाली ठेवला. कोटाच्या खिशातून वही काढली, आदल्या दिवशीचं पान उघडलं. पानावर बशीचा गोल डाग होता, चहाचा. नेमका त्या नावावर. तिने डागावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, खरं सांगा. नाव वाचलंत?"

मी बशीत चहा ओतला, फुंकला, एक घोट घेतला.

"ते सांगता येणार नाही," मी म्हटलं.