तीन मणांचा माणूस

अमरावतीच्या कापूस बाजारात लोक मला मापाडी म्हणत, पण खरं सांगायचं तर मी मापाडी नव्हतोच, मी माप होतो. कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई लागली आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडाचा कापूस हवासा झाला. बाजारात रोज नवा शेठ उतरायचा आणि येताना आपली वजनं घेऊन यायचा. कास्तकार म्हणत, शेठचा दगड जास्तीचा आहे. शेठ म्हणत, कास्तकाराचा कमी आहे. या भांडणाला कंटाळून कोणीतरी तोड काढली, ती म्हणजे मी.

दर दसऱ्याला देवळातल्या जुन्या वजनांनी मला चारचौघांसमोर जोखायचं. मी पुरा तीन मण भरायचो. मग हंगामभर कडुलिंबाला टांगलेल्या मोठ्या तागडीत एका पारड्यात मी आणि दुसऱ्यात कापूस. दगडासारखा माणूस काही आतून कोरता येत नाही, असं एक म्हातारा म्हणाला आणि ते दोन्ही बाजूंना पटलं.

दसऱ्याआधी घरात माझ्या ताटात तुपाची धार थांबत नसे. बाजारात मात्र मला कोणी काही विचारत नसे. “बसवा त्याले”, “उठवा त्याले”, एवढंच. उठवायला दोन हमाल लागायचे. मला राग यायचा, पण तो मी कोणाला दाखवला नाही, कारण दगडाला कुठे राग येतो?

दिवाळीनंतर एकदा पारड्यातून उठताना गुडघ्यांनी दगा दिला. धोतराचा काष्टा सुटला आणि मी तोंडावर कापसात पडलो. सगळा बाजार हसला. मीही हसलो. घरी येऊन मात्र गोठ्यामागे जाऊन रडलो, आणि ते शेजारच्या गाडीवान मामांनी पाहिलं. मामा अकोल्याच्या एका शेठचा कापूस अमरावतीहून त्याच्या वखारीत पोचवायचे. वयाने वडिलांसारखे, बोलायला करडे.

“तुह्या आंगात वारा भरला, लेका,” ते म्हणाले. “सकाळी माह्या बैलांसंग चालत जा. तूप सोड. वारा निघून जाईन.”

“मामा, पण माप कमी होईल ना?”

“वाऱ्याले काय वजन रायते? पखाल फुकून फुगवली तं जड होते काय?”

मी विचार केला. फुगलेली पखाल जड होत नाही हे मी स्वतः पाहिलं होतं. आज इतक्या वर्षांनीही मला त्या बोलण्यात चूक कुठे होती ते नीट दाखवता येत नाही, आणि तीच तर अडचण आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ताक यांवर आलो. रात्री मुगाचं पातळ वरण. बाजारातल्या शेठांकडून येणारा पेढा मी हमालांना देऊ लागलो. उजाडता उजाडता मामांच्या बैलांबरोबर नाल्यावर जायचं आणि परत यायचं. पहिले काही दिवस बैलच माझ्यासाठी थांबायचे. मग घराचं पाणी मी स्वतः विहिरीतून शेंदू लागलो. संक्रांतीपर्यंत धोतराला एक निरी जास्त आली. माघात एके दिवशी त्या दिवसाची शेवटची जोख संपली आणि मी पारड्यातून आपला आपण उठलो. हमाल हात पुढे करून तसेच उभे राहिले.

त्यानंतर मला काय झालं कोण जाणे, मी बोलू लागलो. एका शेठला तोंडावर सांगितलं की पारड्याच्या कडेला पाय लावू नका. त्याने पाय काढला. त्याने पाय काढला याचं मलाच इतकं नवल वाटलं की मी दिवसभर त्याच पायाचा विचार करत होतो. बायको म्हणाली, “एकटे एकटे काहून हसून राह्यले तुमी?”

कास्तकारही माझ्यावर खूश दिसत. तुमच्या हाताला बरकत आहे, म्हणायचे. आपण आता चार शब्द गोड बोलतो म्हणून असेल, अशी मी समजूत करून घेतली.

बरकत सगळीकडे होती, फक्त मामांच्या दारात नव्हती. अकोल्याच्या वखारीतल्या दगडांनी परत जोखलं की माल कमी भरायचा. पुढच्या खेपेला आणखी कमी. तिसऱ्या खेपेला शेठने त्यांना सगळ्यांदेखत चोर म्हटलं. ज्या माणसाने जन्मात कोणाच्या वावरातलं बोंड उचललं नाही, त्याला. पुन्हा माल घटला तर अमरावती ते अकोला एकही पेढी तुझ्या गाडीत माल भरणार नाही, अशी तंबी मिळाली होती.

मी संतापलो. “या खेपेले मी येतो संग,” म्हणालो. “पाहू कोण काढते कापूस.”

चार दिवस मी गाडीच्या मागोमाग पायी चाललो. गोणपाटाची शिवण डोळ्याआड होऊ दिली नाही. झोपतानाही चाकाला पाय टेकवून झोपलो. वाटेत भाकर आणि ठेचा. दम लागत नव्हता, गुडघे दुखत नव्हते, आणि मामांवर एवढं संकट असताना मला मात्र इतकं बरं वाटत होतं की माझी मलाच लाज वाटायची. चिमूटभर कापूस कुठे सांडला नाही.

अकोल्याला जोखलं. माल कमी होता, मागच्या वेळेपेक्षाही कमी.

मला काही कळेनासं झालं. मी शिवणी पाहिल्या, गाडीखाली वाकून पाहिलं. शेवटी म्हणालो, “शेठ, तुमचे दगडच खोटे असतील.”

शेठने मला खालीवर पाहिलं. “तो तीन मणाचा तूच नं? मंग बैस. पाहू कोण खोटं हाये.”

मी मोठ्या दिमाखात जाऊन पारड्यात बसलो. समोर तीन मणांचे दगड चढले. आता दांडी सरळ होईल, दसऱ्याला होते तशी, म्हणून मी वाट पाहत राहिलो. माझं पारडं वरच जाऊन राहिलं.

लोक हसले. मामा हसले नाहीत. ते वजनांपाशी गेले, एक पाचशेरी उचलली आणि माझ्या मांडीशी ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. चौथी ठेवली तेव्हा दांडी सरळ झाली. मला आधी वाटलं, म्हणजे वाऱ्याला वजन असतं. मग हळूहळू कळलं की माझ्याबरोबर दर जोखीचा कापूसही कमी होत गेला होता.

“शेठ,” मी म्हणालो, “मामाईनं काही घेतलं नाही. जे कमी झालं ते माह्या आंगातून झालं.”

शेठला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो म्हणाला, “आजपासून दगडानंच जोखा. अन् गाडीवाल्याले पुढचा माल द्या.” चोर म्हटल्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. माझं काम गेलं हेही मला तेव्हा उमगलं नाही.

मामांनी त्या चार पाचशेऱ्या एकेक करून शेठच्या गादीसमोर नेऊन मांडल्या. “एवढा चोर होतो मी,” ते म्हणाले आणि बैल जुंपायला गेले.

मी माफी मागायला मागोमाग गेलो. कशाची मागावी ते ठरेना. त्यांनीच सांगितलं म्हणून मी चाललो होतो, आणि चाललो म्हणून ते चोर ठरले होते. पुन्हा तूप खा म्हणाले असते तर मी खाल्लं असतं का, तेही मला माहीत नव्हतं.

“गाडीत बैस,” मामा म्हणाले.

“चालतो मी, मामा.”

“बैस. रिकामी गाडी लय उसळते. थोडं वजन पायजे.”

मी बसलो. अकोला मागे पडलं तरी गाडी उसळतच होती. बऱ्याच वेळाने मागे न पाहताच त्यांनी विचारलं, “तू बसला हाये नं?”

“हाव, मामा,” मी म्हणालो, आणि दोन्ही हातांनी गाडीचा कठडा घट्ट धरला.