हॉरेसचा नीरो

इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या शेतांत धातुशोधक यंत्र फिरवून जुनी नाणी हुडकणारा हॉरेस थर्टल नुसता चिखल बघून नाण्यावरचा रोमन सम्राट ओळखायचा. "नाणं घासलं की मेलं!" हा त्याचा नियम. डबाभर मातकट नाणी तो पबात मिरवायचा: हा हेड्रियन, हा नीरो.

त्याच्या वाढदिवसाला बायकोनं, बेरिलनं, ती सगळी व्हिनेगरमध्ये घासून लखलखीत केली.

"हॉरेस, तुझ्या नीरोला अंबाडा आहे रे! आणि मागं साल अठराशे बासष्ट!"

नीरो कसला, ती चक्क व्हिक्टोरिया राणी होती. बाकीच्या नाण्यांवरही तीच.

"बये, अख्खं रोमन साम्राज्य धुऊन टाकलंस!" हॉरेस कडाडला. डबा उचलून तरातरा बागेत गेला आणि एकेक नाणं पुन्हा चिखलात घोळवू लागला. सुरुवात नीरोपासून.