ठेका कट्ट्याच्या अ‍ॅडमिनताई

अ‍ॅडमिनताईंनी मला माझ्या खऱ्या नावानं कधी हाक मारली नाही. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्या बोरिवलीला घरी आल्या, तेव्हा माझ्या सासऱ्यांसमोरही त्यांनी मला ‘काळी-चार’ म्हणूनच हाक मारली. काळी चार ही माझी भजनात गायची पट्टी आणि इंटरनेटवरच्या ‘ठेका कट्टा’ या साइटवर मी घेतलेलं नाव. सासऱ्यांनी नंतर मला गॅलरीत नेऊन हळूच विचारलं, ‘‘तुमचं बाहेर काही वेगळंच चालू असतं का?’’

कट्टा ताईंनी वीस वर्षांपूर्वी सुरू केला होता. तेव्हा त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या आणि घरी कॉम्प्युटर नव्हता. ड्यूटी संपली की मुलुंड स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून त्यांनी तो एकटीनं उभा केला. पखवाज, पेटी, झांज, सनई वाजवणाऱ्यांनी तिथं यायचं, प्रश्न विचारायचे, भांडायचं, शिकायचं. कोकणातल्या वाड्यांपासून मुंबईच्या उपनगरांपर्यंत भजनी मंडळांतली माणसं तिथं जमली. ‘शाईवाला’, ‘कणीक’, ‘झांजबहाद्दर’ अशी सगळ्यांची नावं, आणि ताईंच्या तोंडी तीच.

माझी त्यांची ओळख भांडणातूनच झाली. एकानं माझ्या पेटीवादनाची क्लिप ऐकून ‘हात चांगला, कान बेताचा’ असं लिहिलं, आणि मी त्याला जे उत्तर लिहिलं ते इथं देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो तिथल्या फोनवर एक स्वच्छ, घोटीव आवाज आला.

‘‘नमस्कार. कट्ट्यावरून बोलतेय. बसलायस का उभा आहेस?’’

‘‘उभा आहे.’’

‘‘मग बस. आता सोळा मात्रा मोज. मोठ्यानं नको, लॅबमध्ये माणसं असतील.’’

मी खरंच मोजल्या. मग त्या म्हणाल्या, ‘‘तुझं उत्तर मी काढत नाही. तूच काढ. मी काढलं तर तुला वाटेल तू बरोबर होतास.’’ मी ते काढलं. वीस वर्षांत त्यांनी असे किती फोन केले असतील कुणास ठाऊक. कुणाचं लिहिलेलं परस्पर पुसणं त्यांना पटत नसे.

एक्स्चेंजमधली सवय त्यांच्या हाडात मुरली होती. एकदा सावंतवाडीच्या ‘झांजबहाद्दर’नं दुपारी घाबरून लिहिलं की संध्याकाळी भजन आहे आणि पेटीचा एक सूर आपोआप वाजत राहतोय. ताईंनी त्याला फोन लावला, घाटकोपरच्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला दुसऱ्या फोनवर घेतलं आणि दोन्ही रिसिव्हर एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी लावून टेबलावर ठेवले. इकडून कारागीर सांगतोय, ‘‘झाकण काढ, पट्टीखाली बघ,’’ आणि तिकडून झांजबहाद्दर ओरडतोय, ‘‘बुवा, हयसर झुरळ आसा.’’ झुरळ निघालं आणि सूर थांबला. ताई रिसिव्हर उचलून म्हणाल्या, ‘‘झालं? लाइन सोडते.’’

पुढे मोबाइल आले आणि जो तो आपापल्या मंडळाच्या ग्रुपवर गेला. कट्टा ओस पडला. आम्हाला वाटलं, ताई आता तो बंद करतील. त्या मात्र सगळ्या ग्रुपांमध्ये शिरल्या आणि तिथं कुणी काही कामाचं सांगितलं की त्याला विचारून ते कट्ट्यावर उतरवून ठेवू लागल्या. ‘‘मेल्या, ग्रुपवरचं बोलणं वर सरकत जातं. परवा विचारलंस तर तुझं तुलाच सापडायचं नाही,’’ त्या म्हणायच्या. देवगडचे एक जुने पखवाजी वारले, तेव्हा त्यांनी सांगितलेले सगळे बोल त्यांच्या सुनेला कट्ट्यावर एका जागी मिळाले. तिचा ताईंना फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ चहाचा कप पुसत राहिल्या. कप मघाशीच कोरडा झाला होता.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा त्रास वाढला. डॉक्टरांनी स्क्रीनसमोर बसायला मनाई केली. कट्टा कुणाच्या हाती द्यायचा यावर महिनाभर चर्चा झाली. मीच तो घेणार असं मी मनाशी धरून चाललो होतो. एका रविवारी दुपारी त्यांनी मला नाहूरला घरी बोलावलं. आत गेलो तर सोफ्यावर ‘घुमटवाली’ बसलेली.

घुमटवाली म्हणजे फिलोमिना. अंधेरीच्या जुन्या गावठाणातली, शाळेत शिक्षिका. त्यांच्याकडे लग्नात बायका गाणी म्हणतात, त्याला साथ म्हणून ती घुमट वाजवते. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं ताणलेलं. तिनं कट्ट्यावर पाऊल ठेवलं तेव्हा, हा कट्टा भजनाच्या वाद्यांसाठी आहे, असं मी लिहिलं होतं. तिनं उत्तर दिलं होतं, ‘तुमच्या पखवाजाला कणीक लागते, आमच्या घुमटाला मडकं लागतं. दोन्ही स्वयंपाकघरातूनच आलीत ना?’ त्या दिवसापासून सात वर्षं आमचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं.

ताईंनी आम्हाला सोलकढी दिली आणि हातात एकेक चिठ्ठी ठेवली.

‘‘पासवर्डचा पहिला अर्धा भाग काळी-चारकडे, दुसरा घुमटवालीकडे. एकमेकांना सांगायचा नाही.’’

‘‘ताई, असं कसं चालेल? प्रत्येक वेळी दोघांनी...’’ मी म्हणालो.

‘‘प्रत्येक वेळी दोघांनी,’’ ताई म्हणाल्या. ‘‘तू एकटा असलास तर वर्षभरात नुसती पेटी उरेल. ही एकटी असली तर भजनवाले रुसून जातील. मला दोन्ही हवीत.’’

फिलोमिनानं माझ्याकडे बघितलं. ‘‘पहिला भाग तुम्हाला दिलाय. खूश व्हा.’’

खूश व्हायला वेळ मिळाला नाही. कट्टा ज्या सर्व्हरवर होता तो महिनाभरात बंद होणार असल्याची सूचना त्याच आठवड्यात आली. वीस वर्षांचं सगळं उचलून नव्या जागी न्यायचं होतं, आणि नाही नेलं तर ते कायमचं जाणार होतं. मग तीन रविवार मी, फिलोमिना आणि तिचा लॅपटॉप अंधेरीला तिच्या ओटीवर. मी माझा अर्धा पासवर्ड टाकताना ती तोंड फिरवायची, ती टाकताना मी. पहिल्या रविवारी आम्ही कामापुरतं बोललो. दुसऱ्या रविवारी तिच्या आईनं मला बसवून जेवायला घातलं, आणि त्यानंतर भांडायला जीव होईना. शिवाय जुनं लिखाण वाचताना लक्षात आलं की आमच्या बऱ्याच भांडणांत तिचंच बरोबर होतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही तळाशी पोचलो. कट्ट्यावरची अगदी पहिली नोंद ताईंची होती. त्यानंतर इतकं काही साचलं होतं की ती कुणी उघडून पाहिलीच नव्हती. फिलोमिनानं ती मोठ्यानं वाचली.

‘मला एकही वाद्य वाजवता येत नाही. माझ्या वडिलांना येत होतं. त्यांचे बोल माझ्या वहीत आहेत, ते इथं लिहिते. ज्यांना वाजवता येतं त्यांनी सांभाळावेत.’

 ताई कसलेल्या पखवाजी असणार, फक्त त्यांना मिरवायला आवडत नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. त्यांना विचारून मी पेटीवरचा हात बदलला होता, ताल बदलले होते.

‘‘चला,’’ फिलोमिना म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. आम्ही तडक नाहूरला गेलो.

‘‘कुणी विचारलंच नाही,’’ ताई म्हणाल्या. मग सांगू लागल्या. वडील गिरणीत होते. ड्यूटीवरून आले की खोलीत मुलांना पखवाज शिकवायचे. ताई दाराशी बसून बोल लिहून घ्यायच्या, कारण मुलांची अक्षरं वाईट होती. ‘‘हात लावू नकोस, असं मला कुणी म्हणालं नाही. लाव, असंही कुणी म्हणालं नाही. मग नोकरी, मग कट्टा. तुम्हा लोकांची भांडणं सोडवायची का वाजवायला बसायचं?’’

‘‘भांडणं आता आम्ही सोडवतो,’’ फिलोमिना म्हणाली.

‘‘तुमच्या दोघांची कोण सोडवणार?’’

‘‘ती मिटली,’’ मी म्हणालो. फिलोमिनानं भुवया उंचावल्या, पण नाही म्हणाली नाही.

ताईंनी आपले हात पुढे धरून उलटेसुलटे करून पाहिले. ‘‘सत्तरी आली रे. ह्या हातांनी काय होणार आता?’’ असं म्हणाल्या खऱ्या, पण मुलुंडचा शाईवाला मंगळवार-शुक्रवार शिकवायला येईल का, हेही त्यांनी त्याच दमात विचारलं. डोळ्यांचं काय, म्हणालो, तर म्हणाल्या, ‘‘बोल पाठ आहेत सगळे. डोळे कशाला लागतात?’’

कट्टा नव्या जागी नीट लागला, त्यानंतर पाच महिन्यांनी आम्ही मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये मेळावा घेतला. कोकणातूनही माणसं आली. सगळ्यांना वाटलं ताईंचा निरोपसमारंभ आहे. नारळ आणि शाल तयार होती. ताईंनी ती बाजूला ठेवायला सांगितली आणि शाईवाल्यानं त्यांच्यासमोर पखवाज आणून ठेवला.

मी पेटी घेतली, फिलोमिना घुमट घेऊन त्यांच्या शेजारी बसली. साधं भजन, ठेका भजनी, आठ मात्रांचा. पहिली तीन आवर्तनं ताईंनी नीट काढली. चौथ्याला डावा हात उशिरा पडला. हॉलमध्ये दीडशे वाजवणारी माणसं होती आणि ती चूक प्रत्येकाच्या कानाला लागली.  ताई थांबल्या. कपाळावरचा घाम त्यांनी मनगटानं पुसला.

‘‘पहिल्यापासून,’’ त्या म्हणाल्या.

आम्ही पहिल्यापासून घेतलं. या वेळी चौथं आवर्तन पार पडलं, पाचवंही, आणि मग मी मोजणं सोडून दिलं. मागून कुणीतरी झांज धरली, मग दुसऱ्यानं धरली. ताईंचे डोळे मिटलेले होते आणि मान अगदी हलकेच डोलत होती. भजन संपलं तशी माणसं टाळ्या वाजवायला उठली, पण ताईंचे हात पखवाजावरच होते. त्यांनी आधी फिलोमिनाकडे मान वळवली, मग माझ्याकडे.

‘‘अजून एकदा घ्यायचं का?’’ त्यांनी विचारलं.

आम्ही घेतलं. मग अजून एकदा.