परीक्षेच्या दिवशी चोंदलेलं नाक

सकाळी सात वाजता सासूबाई दूध गॅसवर ठेवून आंघोळीला गेल्या. जाताना, "लक्ष ठेव गं," एवढंच म्हणाल्या. सून शेजारच्या टेबलाशी, डोक्यावर टॉवेल घेऊन, वाफेच्या पातेल्यात तोंड खुपसून बसली होती. तिने आतूनच हुंकार दिला. दूध उतू गेलं, करपलं, पातेल्याचं बूड काळं झालं, घरभर धूर झाला, तरी टॉवेल काही हलला नाही.

तेवढ्यात दार वाजलं. वाजलं म्हणजे काय, बडवलं गेलं.

"मावशी! उघडा! काहीतरी जळतंय तुमच्याकडे!"

टॉवेल फेकून सूनबाई, म्हणजे पोरांच्या मावशी, उठल्या, तेव्हा कुठे त्यांना तो धूर दिसला. दिसला, वास नाही आला. गॅस बंद करून त्यांनी आधी हात लावला तो नाकाला, पातेल्याला नव्हे.

कारण मावशींचं नाक म्हणजे साधंसुधं नाक नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी यीस्टच्या कारखान्यात काढली होती. दोन मजली टाकीच्या शिडीवर उभं राहून, वरच्या नळीतून येणारी हवा हुंगून त्या म्हणायच्या, "साखर कमी पडतेय." मीटरला तेच कळायला आणखी पंधरा मिनिटं लागायची. पण कारखान्याने नियम काढला, की कामाच्या पाळीचा प्रमुख व्हायचं तर पदवी हवी. मावशींचा जुना डिप्लोमा होताच. तेवढ्यावर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्या विद्यापीठात बायोकेमिकल इंजिनिअरिंगच्या वर्गात जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी त्या आत शिरताच अख्खा वर्ग प्राध्यापक आल्या समजून उभा राहिला. सगळे उभे राहिले म्हणून मावशीही दारातच उभ्या राहिल्या. खरे प्राध्यापक येईपर्यंत कोणीच बसलं नाही.

प्रयोगशाळेत त्यांच्या गटात एक चष्मेवाला आणि एक बडबडी अशी दोन पोरं होती. आता दारात उभी होती ती हीच. गटातली कामाची वाटणी ठरलेली होती: मावशींनी हुंगायचं, चष्मेवाल्याने मीटर वाचायचं, बडबडीने लिहायचं. मावशींच्या वहीतले आलेखसुद्धा चष्मेवालाच काढून द्यायचा. "रेघोट्या ओढायला मी काय पहिलीत आहे?" असं त्या म्हणायच्या आणि वही त्याच्याकडे सरकवायच्या.

आज अकरा वाजता शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. गट नाही, एकेकाने एकट्याने काचेच्या टाकीसमोर उभं राहायचं आणि आत काय चाललंय ते परीक्षकाला सांगायचं. पास झालं तर पुढच्या महिन्यापासून पाळीच्या प्रमुख मावशी. नाहीतर ती जागा मिळणार होती त्यांच्याच हाताखाली टाकीची झडप उघडायला शिकलेल्या एका पोरसवदा पदवीधराला.

"मावशी, हे बघा," बडबडीने पर्समधून बुचाची बाटली काढली. "कालच्या टाकीतलं आहे. आम्हाला एकदाच शेवटचं शिकवा, आंबट वास म्हणजे नक्की कसला आंबट? सगळं पाठ आहे हो, पण नाकाने दगा दिला तर?"

मावशींनी बूच काढलं, बाटली नाकाशी धरली आणि डोळे मिटले. पोरं श्वास रोखून उभी.

"काय येतंय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"शिंक," मावशी म्हणाल्या, आणि ती आली.

सासूबाई ओल्या केसांनीच बाहेर आल्या. करपलेल्या पातेल्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे कळत होतं. त्यांनी कांदा फोडून सुनेच्या नाकाखाली धरला. काही नाही. व्हिनेगर धरलं. काही नाही. मग खाली वाकून काहीतरी उचलायला लागल्या.

"आई, चपला नकोत!"

"अगं, औषध म्हणून!"

"बावीस वर्षं कारखान्याने नाक वापरलं, कधी सुट्टी मागितली नाही त्याने," मावशी खुर्चीत बसत म्हणाल्या. "आजच मागायची होती."

चष्मेवाल्याने हळूच स्वतःची वही उघडली. "मावशी, रागावू नका. ही टाकीतल्या ऑक्सिजनची रेघ. बघा, खाली खाली येतेय, आणि इथे एकदम वर उसळली. का?"

मावशींनी त्या रेघेवर बोट ठेवलं. ते हळूहळू उतारावरून खाली गेलं आणि त्या चढाशी थांबलं.

"खाली येतेय तोवर ही यीस्टची पोरं जेवतायत, भराभर श्वास घेतायत," त्या म्हणाल्या. "इथे ताटं रिकामी झाली. साखर संपली. आता श्वास कोण घेणार? म्हणून हवा उरली."

"अहो मावशी, हेच तर उत्तर आहे!" बडबडी ओरडली.

"मग हे इतकी वर्षं कागदावरही होतं?" मावशींनी जरा दुखावल्यासारखं विचारलं. जणू आपल्या घरातली गोष्ट शेजाऱ्यांना आधीच ठाऊक होती.

"होतं. पण परीक्षक यीस्टच्या वाढीचा वेगही विचारणार. त्यासाठी आधी आकड्यांचा लॉग घ्यायचा, मग रेघेचा उतार काढायचा. अगदी सोपं आहे, दोन मिनिटांत–"

मावशींचा चेहरा पाहून तो थांबला. तीन वर्षांत त्यांनी एकही रेघ स्वतःच्या हाताने ओढली नव्हती, हे खोलीतल्या तिघांना ठाऊक होतं; सासूबाईंना मात्र आत्ता कळलं. त्यांनी टेबलावरचं वाफेचं पातेलं उचललं, फडक्याने जागा पुसली आणि सुनेपुढे पेन्सिल ठेवली.

घड्याळात साडेसात झाले होते. मावशींनी नाक पुसलं, कोरं पान उघडलं आणि आपल्या लेकीच्या वयाच्या त्या दोघांकडे पाहिलं.

"मला ही रेघ पहिल्यापासून शिकवा," त्या म्हणाल्या. "फक्त शिकवताना सोपं आहे असं म्हणू नका."