ज्याच्याशी चॅम्पियन लढेना

ओबोदाई सोवा जन्माचा डावखुरा. डाव्या हातानं जेवणं आमच्यात वाईट समजतात, म्हणून आईनं लहानपणी त्याचा तो हात फडक्यानं पाठीशी बांधून ठेवला होता. पठ्ठ्यानं पुढे त्या हाताची सगळी कसर बॉक्सिंगमध्ये भरून काढली.

आमचं बुकोम म्हणजे अक्राच्या समुद्राकाठचा कोळीवाडा. इथं पोरगं चालायला लागलं की मूठ वळायला शिकतं. मी इथला शिंपी. बॉक्सरांच्या चड्ड्या माझ्याकडेच शिवायला यायच्या, त्यामुळे ही सगळी मंडळी रोज माझ्या दारात.

ओबोदाई एरवी होडीवर जाळं ओढायचा. मंगळवारी आमच्यात मासेमारी बंद, समुद्राला सुट्टी, त्या दिवशी पोटभर सराव. रिंगमध्ये तो उभा राहायचा तो उलटा. उजवा पाय पुढे आणि डावा हात मागे दडवलेला. समोरच्याला वाटायचं, हा अजून तयारच झालेला नाही. तेवढ्यात डावा हात खालून यायचा आणि उजव्या बरगडीखाली असा बसायचा की गडी बसकणच मारायचा. देशातला त्याच्या वजनगटातला, लाइटवेटमधला, एकेक गडी त्यानं असा खाली बसवला. वर एकच उरला, अडोतेई, आफ्रिकेचा चॅम्पियन. आणि तो राहायचा कुठे, तर ओबोदाईच्या घरामागच्याच गल्लीत!

पण लढत काही होईना. अडोतेईचा मॅनेजर वांडरपाये, त्याच्यापाशी येऊन घोडं पेंड खायचं. आज चॅम्पियनचा हात सुजलाय. उद्या दाढ दुखतेय. मग एकदा निरोप आला, बायकोचे काका वारले, घरात दुखवटा आहे.

"त्या काकांना ओळखते मी," ओबोदाईची बायको अमेर्ली म्हणाली. "मागच्या वर्षीसुद्धा हेच वारले होते."

अमेर्ली गल्लीच्या तोंडाशी बसून केंके विकायची. आंबवलेल्या मक्याचे, कणसाच्या सालीत उकडलेले गोळे, वर तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा. तिच्या हाताची चव अशी की खुद्द अडोतेईचंही तिच्याशिवाय पान हलत नसे. तो आला की ही सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं विचारायची, "चॅम्पियन, केंके उजव्या हातानं देऊ ना? डावा हात पुढे आला की तुम्हाला दरदरून घाम फुटतो म्हणे!"

लोक खो खो हसायचे. अडोतेईही हसायचा, पुडकं घ्यायचा आणि चालू लागायचा.

आम्हाला कोडं पडायचं ते हेच. माणूस भित्रा नव्हता. लंडनला, किन्शासाला जाऊन त्यानं नावाजलेले गडी लोळवले होते. आणि घरामागच्या कोळ्याला मात्र पाठ दाखवत होता.

ओबोदाईचा थोरला पोरगा तेई; आता तिसरं अपत्य झालं, मुलगी. आठव्या दिवशी पहाटे तिला पहिल्यांदा घराबाहेर आणून नाव ठेवलं. सारी गल्ली जमली होती. तेवढ्यात बाळासाठी कापडाचा तुकडा घेऊन अडोतेई आला, एकटाच. शेजारधर्म होता, मॅनेजरला विचारायची गरज नव्हती. विधी आटोपले, उजाडलं, आणि आम्ही पुरुष मक्याचं पेय घेऊन भिंतीशी बसलो.

ओबोदाईनं सरळ विषय काढला. "अडोतेई, आज माझ्या लेकीचा दिवस आहे, खोटं बोलू नकोस. तू माझ्याशी का लढत नाहीस?"

अडोतेईनं वाटी खाली ठेवली. "खरं सांगू? तुला हरवलं, तर लंडनवाले विचारतील, ओबोदाई कोण? बुकोमच्या बाहेर तुला कुत्रं ओळखत नाही. त्या लढतीला तिकडून कोण पैसा लावणार? आणि हरलो तर चॅम्पियनचा पट्टा गेला, लंडन गेलं, घर अर्धं बांधलंय तेही तसंच राहील."

"आणि हरशील असं वाटतं तुला?"

"तुझा डावा हात कुठून येतो तेच कळत नाही रे! मी भिंतीवरून चोरून बघितलंय तुला, किती मंगळवार. स्वप्नातसुद्धा बरगडी दुखते माझी. वांडरपाये सांगतो, थांब, तो म्हातारा होऊ दे, मग लढू."

"म्हणजे घाबरतोस."

"घाबरतो! बास?"

ओबोदाई इतका हसला की पेय नाकात गेलं. मग उठला आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाला, "चल, हे माझ्या बायकोला सांग."

अडोतेईनं खरोखर सांगितलं. बायका भांडी घासत होत्या, त्यांच्यात जाऊन, सगळ्यांसमोर. "आंटी अमेर्ली, मी तुमच्या नवऱ्याला घाबरतो."

अमेर्लीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग कमरेच्या कापडाला हात पुसत म्हणाली, "मग आधी बोलायचं नाही का, चॅम्पियन? बसा, गरम केंके देते." नवऱ्याकडे वळून पुढे म्हणाली, "ऐकलंस का, तेईच्या बापा? आता पट्टा नाही मिळाला तरी चालेल."

ओबोदाईला मात्र चाललं नाही. तो पुढच्या मंगळवारी दुप्पट जोरानं सरावाच्या पिशवीवर तुटून पडला. "त्याची भीती माझ्या काय कामाची, टेलर?" तो मला म्हणाला. "ती काय कमरेला बांधून फिरू?"

पुढल्या वर्षी झांबियाच्या एका पोऱ्यानं अडोतेईला हरवलं आणि पट्टा तिकडे गेला. महिनाभर तो घराबाहेर पडला नाही. मग एके सकाळी ओबोदाईच्या दारात उभा. "आता माझ्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नाही. लढू या?"

लढत आमच्याच मैदानात झाली. माणसं छपरांवर, होड्यांच्या काठांवर, झाडांवर. दोघांच्या चड्ड्या मीच शिवल्या होत्या, त्यामुळे मी कोणाच्या बाजूनं ओरडू तेच कळेना. दहाच्या दहा फेऱ्या झाल्या. सहाव्या फेरीत अडोतेईनं ओबोदाईला असा ठोसा हाणला की अमेर्लीनं डोळे झाकले. आठव्यात डावा हात खालून आला. अडोतेई एका गुडघ्यावर बसला, पण उठला. शेवटी पंचांनी गुण मोजले आणि थोडक्यात का होईना, ओबोदाईचा हात वर केला.

सगळ्यांना वाटलं, अडोतेई तोंड लपवून निघून जाईल. पण त्यानं निवेदकाच्या हातातला माइक हिसकावला. एक डोळा पुरता मिटलेला, हात बरगडीवर.

"बुकोमच्या लोकांनो! इतकी वर्षं मला भित्रा म्हणत होतात ना? आज बघितलंत? माझं काय चुकत होतं, सांगा आता!"

त्या दिवशी जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्यालाच जास्त टाळ्या पडल्या.

ओबोदाईची खरी पंचाईत त्यानंतर झाली. अडोतेईला हरवलं म्हटल्यावर तर त्याच्या वाऱ्याला कोणी उभं राहीना. झांबियाच्या मॅनेजरनं कळवलं, आमच्या मुलाला हिवताप झालाय. तो हिवताप दोन वर्षं टिकला! शेवटी मँचेस्टरहून एक बोलावणं आलं, ऐन थंडीतलं. अडोतेई स्वतः त्याचा मदतनीस म्हणून रिंगच्या कोपऱ्यात उभा राहायला गेला. ओबोदाई तिथं हरला. "हात गोठला होता, मूठच वळेना," असं तो म्हणायचा. अडोतेई म्हणायचा, "मूठ चांगली वळत होती, समोरचा पोरगा बरा होता." ह्यावरून दोघांचं अजून भांडण होतं.

तिथल्या आयोजकानं ओबोदाईला निघताना एक जाड लोकरी कोट दिला. अक्राच्या उकाड्यात तो घालणार कोण? मला म्हणाला, "कापून ह्याचं काहीतरी शिव." पण अमेर्लीनं कात्री लावू दिली नाही. तिनं तो केंकेच्या पातेल्यावर घातला, बटणं लावून. दुपारपर्यंत केंके वाफाळतं राहतं.